हौदातली मगर

“रेलिंग लावलं तर बंगला तुरुंगासारखा दिसेल, सपना!” मेहरूणच्या नव्या घरात कुंदन बायकोला सांगत होता. वास्तुशांत तोंडावर आलेली, मागच्या अंगणात निळाशार पोहण्याचा हौद, आणि घरात चार वर्षांची रेवा.

“दिसू दे तुरुंग. आपोआप लागणारं फाटक हवं, कडी उंचावर.”

“अलार्म आणलाय ना. पाणी हललं की बोंबलतो.”

बोंबलायचा खरा. कावळा पाणी प्यायला तरी, पान पडलं तरी. शेजारी भांडायला आले तेव्हा कुंदननंच तो बंद करून टाकला होता.

शब्दाला शब्द वाढू लागला तसे कुंदनचे वडील, देवचंद नाना, मध्ये पडले. नाना धुळ्याकडचे, जन्मभर एसटीत कंडक्टर. त्यांची गोष्ट अर्धी राहू नये म्हणून उतारू आपलं गाव सोडून पुढे जात आणि परतीचं तिकीट काढून माघारी येत. त्या काळी एसटी त्यावरच नफ्यात होती म्हणे.

“भांडू नका रे. मी शे ना! हौदमा मगर सोडी देस, पोर फिरकावू नही तठे.”

दोघं हसली. वाद निवला. रेलिंगचं वास्तुशांतीनंतर बघू, असं ठरलं.

त्याच संध्याकाळी रेवाला गोष्ट सांगताना नानांनी मगर सोडली. तापीच्या पुरात आलेली ती मगर शेवईएवढी बारीक होऊन नळातून शिरली आणि हौदात येऊन म्हशीएवढी फुगली. रेवा भ्याली, हुंदके देऊन रडली. पोर रडलेलं नानांना कुठलं बघवतंय? त्यांनी लगेच मगरीचे दात पाडले.

“रडू नको माय. म्हतारी शे ती. बठ्ठा दात पडी गयात. भुकी ऱ्हास बिचारी.”

वास्तुशांतीच्या दिवशी गच्चीवर भरीत-पुरीच्या पंगती बसल्या. नाना पाणी प्यायला खाली आले. मागचं दार उघडं होतं. हौदाच्या काठावर रेवा पालथी पडली होती, हातातली पुरी पाण्यावर धरून.

“ये ना गं मगर. मऊ आहे. चावावी नाही लागत.”

ओरडावं तर पोर दचकेल. नाना हळूच पुढे सरकत म्हणाले, “रेवा, मगर जेवनी. निजी गई ती.”

“झोपली? कुठं?” बघायला रेवा आणखी वाकली.

आवाज फारसा झाला नाही. नाना धोतरासकट पाण्यात उतरले. पाणी त्यांच्या छातीपर्यंत, म्हणजे रेवाच्या डोक्यावर वीतभर. फ्रॉक हाताला लागला तो पहिल्यांदा सुटला. दुसऱ्यांदा सुटला नाही.

काठावर रेवा खोकली, ओकली, मग रडली. सपना धावत आली, पोरीला छातीशी धरून खाली बसली. पायऱ्यांवर कुंदन फोन कानाला लावून रेलिंगवाल्याला ओरडत होता, “उद्या नको, आत्ता!”

रेवानं आईच्या खांद्यावरून नानांकडे पाहिलं.

“नाना, तिथं कुणीच नव्हतं.”

सपना नानांकडे न बघता पदरानं पोरीचे केस पुसू लागली.

रेलिंग बसलं. संध्याकाळी रेवा बाहेरच्या बाजूनं नानांचं बोट धरून उभी होती.

“नाना, गोष्ट सांगा ना.”

नानांनी हात उंच करून कडी काढली, फाटक लोटलं आणि सोडून दिलं. फाटक आपोआप येऊन खटकन लागलं. नानांनी पुन्हा कडी काढली.

“गोष्ट, नाना!”

“पाह्य,” नाना म्हणाले, आणि फाटक सोडून दिलं.