खुर्च्यांची अदलाबदल

तोट्यातली बस बंद करायची की नाही, यावरून परिवहन कार्यालयात खडाजंगी उडाली होती. "आकडे बघा!" संचालकबाई कडाडल्या. "माणसं बघा!" समोरच्या नगरसेवकाने टेबल दणाणून सोडलं.

आणि बाईंना एकदम कॉलेजातला तो वर्ग आठवला. सर अर्थशास्त्राचे, मॅडम राज्यशास्त्राच्या. दोघांमधून विस्तव जायचा नाही, पण शिकवायचे एकत्र. पोरांचा वाद रंगात आला की सर डस्टर आपटायचे, "उठा, खुर्च्या बदला!" मग ज्याला झोडपत होतो, त्याचीच बाजू मांडायची. कुरकुरत सुरू करायचो आणि बोलता बोलता तीच पटायला लागायची. आता सर नाहीत, मॅडमही नाहीत.

बाई उठून नगरसेवकाजवळ गेल्या. "चला, खुर्च्या बदलू. तुम्ही बस बंद करा, मी चालू ठेवते."

सगळे हसले. तो मात्र हट्टाने बाईंच्या खुर्चीत जाऊन बसला आणि तोट्याचे कागद चाळू लागला. शेवटी म्हणाला, "बाई, माझी खुर्ची परत द्या. इथून ओरडता येत नाही."

त्याच्या खुर्चीत बसलेल्या बाईंच्या समोर आता खिडकी होती. खाली बसथांब्यावर रांग लागली होती.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "मलाही इथून उठवत नाहीये."