कमरेचं माप

"विडी-सिगारेट?" फॉर्म भरणाऱ्या बाईंनी विचारलं.

"कधीच नाही," शिवणकाम करणारी बायको म्हणाली. "तीस वर्षं गाड्यांना रंग मारलाय ह्यांनी, तोंडाला नुसता रुमाल बांधून."

नवऱ्याच्या फुप्फुसाचा कॅन्सर हाडांपर्यंत पोचल्याचं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. हा फॉर्म उपचारांसाठी नव्हता. रुग्ण इतक्या उशिरा का येतात, याच्या अभ्यासासाठी होता.

"वजन कधीपासून घटतंय?"

"झाला असेल महिना," नवरा घाईने म्हणाला आणि खोकला. "त्याआधी ठणठणीत होतो. हिच्या हातचं खाऊन कोण वाळेल?"

बायकोला खरं ठाऊक होतं. सात महिन्यांत तिने त्याच्या पँटी तीनदा कमरेत आत घेतल्या होत्या. दर वेळी टेप लावून, खडूने खूण करून. तिसऱ्यांदा तर ती हसून म्हणाली होती, "अहो, लग्नातला नवरदेव परत मिळाला की मला!"

"महिना लिहू ना?" बाईंनी विचारलं.

नवऱ्याने टेबलाखाली बायकोचा हात दाबला. तिने तो सोडवून घेतला.

"सात महिने लिहा. चार इंच. मापं मीच घेतलीत."

"अगं, कशाला सांगतेस?"

"दुसऱ्या एखादीला तरी वेळेवर कळू दे."

बाईंनी खाली मान घालून लिहिलं. उठताना नवऱ्याने पँट वर ओढली. ती पुन्हा सैल झाली होती.

"घरी गेल्यावर आत घेऊन देते," ती म्हणाली.

"राहू दे गं आता," तो म्हणाला.