वळणापुढची पाटी

सून संशयी आहे यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं, आणि सुनेला त्याचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं. संशयावरच तर तिची नोकरी चालली होती. कपड्यांच्या कारखान्यात तयार झालेले शर्ट तपासायचं तिचं काम. शिवण उसवलेली असो, काज तिरकं असो, बटण एका धाग्यावर लोंबत असो, दिसलं की लाल चिकटपट्टी लावायची आणि माल मागे पाठवायचा. अकरा वर्षांत तिच्या टेबलावरून एकही खराब नग पुढे गेला नव्हता. सासरे तिला कौतुकाने ‘तपासनीस’ म्हणायचे, नवरा वैतागून म्हणायचा.

गेले काही महिने तिची नजर सासऱ्यांवर होती. ग्लासात पाणी ओतताना ते एक बोट आत बुडवून धरत. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता कानाकडे बघत, कानात काही अडकलंय की काय असं वाटावं. पेपर तासभर हातात धरून बसत आणि “आज काही विशेष नाही” म्हणून घडी घालत. एकदा तर तो पेपर परवाचा होता. मोटरसायकलच्या डाव्या आरशाला मोठा ओरखडा पडला होता आणि तो, म्हणे, कुत्रं आडवं आल्यामुळे पडला. कुत्रं आरशाच्या उंचीला कसं पोचलं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

“बाबांच्या डोळ्यांत काहीतरी बिघडलंय,” तिने नवऱ्याला सांगितलं.

“बाबांनी हयातभर रस्त्याच्या पाट्या रंगवल्या. दोरी न लावता सरळ रेघ ओढायचा माणूस तो,” नवरा म्हणाला. “तू कारखाना घरी आणू नकोस.”

विषय तिथेच संपला असता. पण रविवारी सासरे आठ वर्षांच्या नातीला गाडीवर बसवून धरण दाखवायला नेणार होते. तिला घरात सगळे चिमणीच म्हणत, आणि ही चिमणी आठवडाभर दुसरं काही बोलतच नव्हती. चाळीस किलोमीटरचा हमरस्ता, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. नवऱ्याला पटत नव्हतं आणि सासऱ्यांना तोंडावर विचारायचा तिला धीर होत नव्हता. मग शनिवारी सकाळी ती साळसूदपणे म्हणाली, “बाबा, उद्या नातीला नेणार, तर आज मला न्या की. इतक्या वर्षांत मी ते धरण पाहिलंच नाही.”

सासरे तिच्या कानाकडे बघून हसले. “चला, तपासनीस.”

वस्ती मागे पडेपर्यंत ती जीव मुठीत धरून बसली होती. सासऱ्यांच्या खांद्यावरून मान काढून पुढचा रस्ता बघत होती आणि जिथे ब्रेक नव्हता तिथे पायाने ब्रेक दाबत होती. सासरे मात्र निवांत होते. कडेची पांढरी रेघ धरून गाडी एका चालीने चालली होती.

“पुढे शाळा आहे. वाहने सावकाश चालवा,” ते मोठ्याने म्हणाले.

तिने पाहिलं. पाटी होती, आणि पाटीमागे शाळाही होती.

“माझ्याच हातची आहे,” ते म्हणाले. “या रस्त्यावरच्या सगळ्याच.”

मग त्यांना चेवच चढला. “तीव्र उतार,” ते म्हणत, की तीव्र उताराची पाटी हजर. “जनावरांपासून सावध,” की पाटी हजर आणि दोन म्हशीही हजर. त्यांनी म्हशींना हॉर्न दिला, अदबीने बाजूने गाडी काढली. सून मनातल्या मनात एकेका पाटीवर खूण करत गेली. खोट काही सापडत नव्हती. एकदाच जरा खटकलं. “पुढे पूल आहे” हे त्यांनी वळण घेण्याआधीच वाचलं, आणि पाटी तर वळणापलीकडे होती. पण सवयीचा रस्ता, असेल बुवा, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

चढ संपला आणि रस्ता डोंगराच्या कडेने निघाला. खाली नदी होती. पलीकडच्या उतारावर सूर्यफुलांची शेतं पिवळीधमक पसरली होती. रस्त्यावर दोन्हीकडच्या झाडांनी फांद्या एकमेकींना टेकवल्या होत्या आणि त्यांच्या सावलीत शिरलं की वारा एकदम गार लागायचा. तिचे आखडलेले खांदे सैल झाले. कित्येक वर्षांत ती अशी नुसती बसून कुठे गेली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली. सत्तरीच्या माणसाची परीक्षा घ्यायला निघालोय आपण, कुठे फेडू हे पाप, असं तिच्या मनात आलं.

“अपघाती वळण. हॉर्न वाजवा,” सासऱ्यांनी वाचलं आणि हॉर्न वाजवला.

वळणाच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब उभे होते. त्यांच्यावर पाटी नव्हती. एक वेल खांबांवर चढून वरून खाली लोंबत होती आणि तिला जांभळी फुलं आली होती.

गाडी व्यवस्थित वळली. सुनेने सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “बाबा, पुढे चहाची टपरी दिसतेय. थांबू या.”

चहावाला ग्लास ठेवून आत जाईपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, “बाबा, मघाची पाटी तिथे नव्हती.”

“कुठली?”

“अपघाती वळणाची. नुसते खांब आहेत. वेल चढलीय त्यांच्यावर.”

सासऱ्यांनी बोटांनी बाकाची कड चाचपली आणि मग ग्लास खाली ठेवला.

“खांब तरी सरळ आहेत?” त्यांनी विचारलं.

“सरळ आहेत.”

“मीच उभा राहून पुरून घेतले होते.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “मधोमध धुकं आहे, सूनबाई. कडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघायला जावं, तेवढंच पुसलं जातं. गेल्या उन्हाळ्यापासून असंच आहे.”

“आणि पोरीला घेऊन निघणार होतात?” तिने आवाज चढवला नाही, पण चहाचा ग्लास दूर सारला.

“छे. तिला नेणार नव्हतोच मी. उद्या सकाळी गुडघा धरलाय म्हणून सांगणार होतो.” त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून बाकावर तिच्याकडे सरकवला. “हा घे. पण तिच्या जिवाशी मी खेळेन असं मनात आणू नकोस. तेवढा विश्वास ठेव.”

कारखान्यात चूक सापडली की तिला आतून बरं वाटायचं. आज तिला रडू येत होतं. हा माणूस वर्षभर घरात एकटाच चाचपडत होता, आणि आपण लाल चिकटपट्टी घेऊन त्याच्या मागे फिरत होतो.

“परतताना मी चालवते,” ती म्हणाली. “माहेरी दादाची मोटरसायकल मीच पळवायचे.”

“ठाऊक आहे. तुझ्या दादाने लग्नातच तक्रार केली होती.”

दोघंही जराशी हसली. ऊन चढलं होतं, म्हणून सासऱ्यांनी जाकीट काढून तिच्याकडे दिलं. गाडीला मागे पत्र्याची पेटी होती. पूर्वी ते तिच्यात ब्रश आणि रंगाचे डबे ठेवायचे. जाकीट ठेवायला तिने पेटी उघडली.

आत लहान मुलाचं लाल हेल्मेट होतं, कोरं करकरीत. त्याच्यावर पांढऱ्या रंगात ‘चिमणी’ लिहिलं होतं. पहिलं अक्षर झोकदार होतं. दुसरं त्याच्या अंगावर चढलं होतं आणि तिसरं पार कानापर्यंत घसरलं होतं. रंगाचा वास अजून ताजा होता. गळ्याचा पट्टा पोरीच्या हनुवटीच्या मापाने आवळून तयार ठेवला होता.

उद्या गुडघा धरणार नव्हता. तिला ते लख्ख कळलं.

“जागा आहे ना पेटीत?” मागून सासऱ्यांनी विचारलं. ते तिच्या कानाकडे बघत होते.

“आहे.” तिने हेल्मेटवर जाकीट पसरलं आणि झाकण लावलं.

“विश्वास बसला ना तुझा?”

अकरा वर्षांत तिने एकही खराब नग पुढे जाऊ दिला नव्हता. “बसला, बाबा,” ती म्हणाली. तिने जुडग्यातली घराची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली आणि गाडी सुरू केली. गाडीची किल्ली ती आता कुणालाही देणार नव्हती.

परतीच्या वाटेवर सासऱ्यांनी एकही पाटी वाचली नाही. त्यांचे दोन्ही हात तिच्या खांद्यांवर होते. वेलीचे खांब दिसले तेव्हा तिने वेग कमी केला आणि हॉर्न वाजवला.