वासराचं पाऊल

इंद्रायणीबाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट टेकवून पुन्हा मोजायला घेतलं. अकरा, बावीस, तेहतीस. बोट थांबलं आणि जरासं उजवीकडे सरकलं. तिथे आणखी एक होतं, बाकीच्यांच्या निम्म्याएवढं.

"बाई, काच पुसायची आसंल तर फडकं देतो," काउंटरमागून गोरख म्हणाला.

चौथीपर्यंत तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता. आता आळेफाट्याला त्याचं चार कॉम्प्युटरांचं कॅफे होतं. शिक्षकांना कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची झाली तेव्हा बाई पन्नाशीला आल्या होत्या. सराव त्यांनी इथेच केला. परीक्षा कधीच झाली, पण शनिवारी पिंपरी पेंढारची सकाळची शाळा सुटली की बोरीची जीप धरण्याआधी तासभर इथे टेकायची सवय तेवढी राहिली. घरी जाऊन लगेच कामाला लागण्याइतकं बळ अलीकडे पायांत नसायचं.

ऑर्कुटवर जुन्नर-आंबेगावकडच्या लोकांची एक कम्युनिटी होती. कुणी पुण्यात, कुणी दुबईत, कुणी इथेच गावात. त्यांचा एक खेळ चाले. दर शनिवारी पाळीप्रमाणे एकाने विषय द्यायचा, बाकीच्यांनी आठवडाभरात त्यावर आपापला फोटो टाकायचा. नंबर नाही, बक्षीस नाही. विहिरी झाल्या, बैलांची शिंगं झाली. या आठवड्याचा विषय होता उंबरा. बाईंनी शाळेचा टाकला होता, पोरांच्या चपलांच्या ढिगासकट. आणि 'पाऊलवाट' असं नाव घेतलेल्या कुणीतरी हा टाकला होता: कुठल्याशा इमारतीतल्या घराचा अरुंद उंबरा, आणि पुढे रांगोळीने काढलेली गोपद्मं.

चातुर्मासात रोज गाईची तेहतीस पावलं काढायची, हा बाईंचा नेम. त्यांची लेक मंगल सहा वर्षांची होती तेव्हा एकदा तिने हट्टाने रांगोळीची वाटी हातात घेतली, मोजताना चुकली आणि चौतीस काढली. सासूबाई, साळुबाई, चिडल्या. काढलेलं पाऊल तर पुसता येत नाही. मंगल जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, हे वासराचं. त्या दिवसापासून त्यांच्या दारात तेहतिसांच्या उजव्या हाताला एक बारकं पाऊल पडत आलं. शेजारणी हसल्या, मग त्यांनाही सवय झाली. दुसऱ्या कुणाच्या दारात ते बाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

मंगलने चार वर्षांपूर्वी घरच्यांना न विचारता लग्न केलं. त्या दिवशी तिच्या वडिलांनी, भगवंतरावांनी, बाईंना देव्हाऱ्यावर हात ठेवायला लावून शब्द घेतला होता. पत्र नाही, फोन नाही, कुणाहाती निरोप नाही. बाईंनी शब्द दिला. मग हात न काढताच त्यांनी आपला आणखी एक नेम बोलून टाकला: लेक सुखात असल्याचं कळेपर्यंत आपण भात खाणार नाही. भगवंतरावांनी ते ऐकलं होतं. लग्नाकार्यात पंगतीत बाईंच्या पानावरून भाताचं वाढप पुढे सरकायचं तेव्हा ते दुसरीकडे बघायचे.

म्हणजे मंगल होती. कुठेतरी एका उंबऱ्यापाशी वाकून रांगोळी काढण्याइतकी तरी होती. पण रांगोळी रडत रडतही काढता येते, हे बाईंना ठाऊक होतं.

पुढचा विषय पारगावच्या सोमाजींनी द्यायचा होता. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ महिनाभर आधीपासून ट्रॅक्टर, ट्रॅक्टर करत होता. बाईंनी एकेक अक्षर शोधत त्यांना लिहिलं, तुमची पाळी मला द्याल का? कुणाकडे काही मागायची त्यांना सवय नव्हती. पाठवल्यावर त्यांनी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

उत्तर लगेच आलं. 'घ्या की बाई. माझा ट्रॅक्टर कुठं पळून चाललाय?'

बाईंनी विषय टाकला: आजचं ताट.

संध्याकाळी दिवा लावून त्या देव्हाऱ्यापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या. आपण पत्र लिहिलं नव्हतं, निरोप धाडला नव्हता. विचारलं ते सगळ्यांना. देवाने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

पुढच्या शनिवारी वीज गेलेली होती. गोरखने इन्व्हर्टरवर त्यांच्यापुरता एक कॉम्प्युटर चालू करून दिला. ताटं आली होती. सोमाजींनी हॉटेलातली मिसळ टाकली होती आणि खाली बायको माहेरी गेल्याचं लिहिलं होतं. दुबईच्या पोराने उभ्या उभ्या खाल्लेला पाव. मग पाऊलवाट.

फोटो वरून खाली, पट्ट्यापट्ट्याने उतरू लागला. आधी स्टीलच्या ताटाची कड. बाजरीची भाकरी, नीट वळलेली. वांग्याची भाजी, कडेला ठेचा. शेजारी दुसरं ताट, दोन घास खाऊन कुणीतरी मध्येच उठल्यासारखं. मग फोटो अडकला. बाई न हलता बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने शेवटची पट्टी उतरली. दोन ताटांच्या मध्ये एक बारकी वाटी होती. वाटीत गुरगुट्या भात, बोटांनी चिवडलेला, चार शितं बाहेर जमिनीवर.

"बाई, प्रिंट काढू का?" गोरखने विचारलं.

"नको. बंद कर बाळा."

पिशवी उचलून त्या बोरीच्या जीपकडे निघाल्या.

घरी पोचल्यावर त्यांनी डब्यातून मूठभर तांदूळ काढले, धुतले आणि नेहमीच्या दुप्पट पाणी घालून चुलीवर चढवले. भगवंतराव कांद्याच्या रोपांना पाणी देऊन आले, हातपाय धुऊन जेवायला बसले. बाईंनी त्यांना भाकरी-कालवण वाढलं. मग आपलं ताट घेतलं आणि त्यात भात वाढून घेतला.

भाकरी मोडता मोडता भगवंतरावांचा हात थांबला.

ते बाईंच्या ताटाकडे बघत राहिले. बाई मान खाली घालून पहिला घास कालवत होत्या. कुठून कळलं, कसं कळलं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाईंनी खरं तेच सांगितलं असतं. चुलीतलं लाकूड एकदा तडतडलं.

"लई शिजलाय," शेवटी ते म्हणाले.

"तसाच केलाय."

थोड्या वेळाने त्यांनी आपलं ताट पुढे सारलं. "थोडा मलाबी वाढ."

बाईंनी वाढला. त्यांनी घास तोंडात घातला, आणि थांबले.

"मीठ टाकलं न्हाई व्हय?"

"नाही," बाई म्हणाल्या. "इतक्या लहानाला मीठ घालत नाहीत."

भगवंतरावांचा मिठाच्या वाटीकडे गेलेला हात तिथेच राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि ताटातला भात, तसाच, हळूहळू संपवला.