टेबलावरचं टेबलावर

मी टेबल बोलतोय. जेवणाचं नव्हे, अभ्यासाचं नव्हे, साहेबांच्या केबिनमधलं तर मुळीच नव्हे. मी फुटबॉल क्लबातलं मालिशचं टेबल. माझ्यावर कधी कुणी ताट मांडलं नाही की वही उघडली नाही. माझ्यावर माणसं आडवी होतात, आणि तीही बहुतेक कण्हत.

दवाखान्यांसाठी खाटा बनवणाऱ्या एका सुताराच्या हातून माझा जन्म झाला. डोक्याच्या बाजूला तोंडापुरतं भोक पाडायचं, म्हणजे पालथ्या झोपलेल्या माणसाला श्वास घेता येतो, हे त्याला तीनदा समजावून सांगावं लागलं. तरी भोक जरा वाकडंच पडलं. माप बघायला म्हणून तो स्वतः माझ्यावर पालथा झाला आणि चांगला तासभर घोरला. शेवटी सुतारखान्याच्या मालकानं येऊन त्याला हलवून उठवलं. माझ्यावर पडलं की माणूस स्वतःला सैल सोडतो, हा गुण माझ्यात जन्मापासूनचा आहे. मला त्याचा फार अभिमान होता. आता नाही.

क्लबात मला जागा मिळाली ती प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या खोलीत. तिरकं छत, एक पाण्याचा पाइप, बर्फाची पेटी, एक स्टूल. सामन्याच्या दिवशी वर हजारो पाय आपटले की छताची माती माझ्या रेक्झिनवर पडायची. मालिशवाले काका ती टॉवेलनं झटकायचे आणि म्हणायचे, "गोल झाला वाटतं." बावीस वर्षं ते या क्लबात होते. त्यांनी मैदानावरचा एक सामना धड पाहिला असेल नसेल, पण बोटांनी दाबून ते सांगायचे, कोण जिन्यावरून घसरलाय आणि कोण उगाच नाटकं करतोय.

या खोलीचा एक नियम होता. टेबलावरचं टेबलावर. माझ्यावर पडून खेळाडू जे बोलेल, ते दाराबाहेर जायचं नाही. त्यामागचं कारणही सांगतो. शनिवारच्या सामन्याचा संघ शुक्रवारी दुपारी भिंतीवर लागायचा. त्याआधी मुख्य प्रशिक्षक, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, एकेकाला विचारायचे, "कसा आहेस?" जो 'जरा दुखतंय' म्हणाला, त्याचं नाव गळलं. म्हणून सरांसमोर सगळे ठणठणीत असायचे आणि माझ्यावर येऊन आई आई करायचे. काका ऐकून घ्यायचे, मी ऐकून घ्यायचो, आणि दोघंही तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचो.

शिंगरू आला तेव्हा अठरा वर्षांचा होता. लांब लांब पाय आणि एका जागी उभं राहायचं माहीत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात पोरांनी हे नाव पाडलं. तो स्ट्रायकर होता. म्हणजे संघाच्या सगळ्यात पुढे उभं राहून गोल मारायचा, आणि नाही मारला तर अकरा जणांच्या वाट्याच्या शिव्या एकट्यानं खायच्या. एका छोट्या क्लबात त्यानं गोलांचा पाऊस पाडला होता. इथे त्याला दोन वर्षांच्या करारावर आणलं होतं. चमकला तर पुढचा करार, नाही तर घरचा रस्ता.

अडचण एकच होती. त्याच्या जागेवर कप्तान होता.

कप्तान चौतीस वर्षांचा. देखणा, तोंडाचा गोड, आणि त्याचा उजवा घोटा पार गेलेला. सामन्याच्या दिवशी सकाळी तो सगळ्यांच्या आधी यायचा. काका आतून कडी लावायचे आणि घोट्याभोवती चिकटपट्टीचे इतके वेढे घालायचे की तो पाय लाकडाचा वाटायचा. वरून मोजा चढवला की कुणाला पत्ता लागायचा नाही.

एकदा काका कडी लावायला विसरले. दार ढकलून शिंगरू आत आला, आणि माझ्यावर पसरलेला तो काळानिळा, सुजलेला घोटा त्याला दिसला. जागच्या जागी थिजला बिचारा.

कप्तान अगदी शांतपणे म्हणाला, "काय पाहिलंस?"

"काही नाही, दादा."

"शहाणा आहेस. ये, बस. काका, याला चहा द्या."

त्या दिवसापासून कप्तान त्याचा दादा झाला. चेंडू पायाशी कसा खेळवायचा, रेफरीशी कसं बोलायचं, पत्रकारांना काय सांगायचं, सगळं शिकवलं. जागा मात्र दिली नाही. पूर्ण मोसम शिंगरू राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून होता. कधी शेवटची सात मिनिटं, कधी चार. माझ्यावर पडला की त्याच्या मांड्यांत थकवा नसायचाच, नुसती न वापरलेली ताकद असायची. काका म्हणायचे, "तुला मालिश कशाला हवं रे? घाम तरी आलाय का?"

त्याची आई कपड्यांच्या कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवायची. दर सामन्यानंतर तिचा फोन यायचा. तो माझ्या कडेला बसून पाय हलवत बोलायचा.

"खेळवलं का रे आज?"

"खेळवलं ना."

"टीव्हीवर दिसला नाहीस."

"अगं, कॅमेरा दुसरीकडे होता."

मग एक दिवस सर स्वतः या खोलीत आले. काका बर्फ आणायला गेले होते, शिंगरू एकटाच माझ्यावर होता. सरांनी दार लोटून घेतलं. "तू रोज इथं असतोस. खरं सांग, कप्तानाचा घोटा कसा आहे? मला शंका येतेय. तसं असेल तर शनिवारी पहिल्या मिनिटापासून तू."

एक शब्द पुरला असता. खोटं बोलायचीही गरज नव्हती, नुसतं खरं सांगायचं होतं. त्याच्या पाठीचा एकेक स्नायू ताठ झालेला मला जाणवला.

"मला तर दादा एकदम फिट वाटतात, सर."

सर निघून गेले. दाराआडून काकांनी सगळं ऐकलं होतं. ते आत आले आणि त्याच्या डोक्यावर बर्फाचा थंडगार हात ठेवून म्हणाले, "माणूस आहेस." मलाही त्या वेळी ऊर भरून आल्यासारखं झालं. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते. पोरगं आपल्या हातानं आपली जागा सोडत होतं, आणि आम्ही दोघे म्हातारे त्याची पाठ थोपटत होतो.

मोसमाच्या शेवटच्या सामन्यात कप्तानाचा घोटा भर मैदानात दगा देऊन गेला. निरोपाची फुलं झाली, भाषणं झाली, डोळे पुसून झाले. दोन महिन्यांनी तो पुन्हा आला, नवा ट्रॅकसूट आणि गळ्यात शिट्टी घालून. आता तो सरांचा सहायक प्रशिक्षक होता.

आणि शिंगरूला जागा मिळाली. पहिल्याच सामन्यात त्यानं डोक्यानं गोल मारला. छताची एवढी माती माझ्यावर पडली की काका टॉवेल घेऊन नुसतेच उभे राहिले, झटकायचं विसरले. पुढच्या अकरा सामन्यांत आठ गोल झाले. रस्त्यात लोक त्याला ओळखायला लागले. आईनं कारखान्यातल्या सगळ्याजणींना त्याचा फोटो दाखवला. माझ्या साऱ्या आयुष्यात सुखाचे म्हणावेत असे ते चारच महिने.

कप्तान सवयीनं अजूनही या खोलीत येऊन बसायचा. त्याच स्टुलावर, हातात चहाचा कप. हा आता खेळाडू राहिलेला नाही, याची बसण्याची जागा आता दुसरीकडे आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. काकांच्याही नाही. तो दादा होता ना!

नव्या कराराचा निर्णय महिनाअखेरीस व्हायचा होता. त्या आठवड्यात बुधवारी शिंगरू माझ्यावर पालथा पडला, वाकड्या भोकात तोंड घातलं आणि म्हणाला, "काका, तीन दिवस झाले. जोरात पळायला लागलो की मांडीला मागून कुणीतरी ओढून धरतं."

काकांची बोटं मांडीवर थांबली. स्टुलावरून कप्तान मायेनं म्हणाला, "कधीपासून रे? याआधी कधी झालं होतं?"

आणि माझं वेडं शिंगरू बोलत सुटलं. तोंड खाली असल्यामुळे त्याला जमिनीवरची फरशी आणि कप्तानाचे नवे बूट एवढंच दिसत होतं. "तुम्हाला म्हणून सांगतो, दादा. जुन्या क्लबात असताना एकदा झालं होतं. हीच मांडी. सहा आठवडे घरी होतो. इथं सही करताना मी सांगितलंच नाही."

"असू दे, असू दे," कप्तान म्हणाला. चहा संपवला, कप पाण्याखाली धरून विसळला, पालथा घातला आणि निघून गेला. काका पुन्हा मांडी चोळायला लागले. मला वाटलं, नियम आहे, बाहेर जाणार नाही.

शुक्रवारी भिंतीवर संघ लागला. त्यात शिंगरूचं नाव नव्हतं. सरांनी त्याला बोलावून सांगितलं की दोन वर्षांपूर्वी सहा आठवडे बसून होतास ते आम्हाला कळलंय, अशी मांडी पुन्हा पुन्हा धरते, आणि लपवणाऱ्या खेळाडूशी क्लब नवा करार करत नाही. सहा आठवडे हा आकडा त्यानं जगात दोनच माणसांना सांगितला होता, माझ्यासमोर.

तो खोलीत आला तेव्हा कप्तान स्टुलावरच होता. निदान तोंड लपवलं नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं म्हणेन.

"तुम्ही सांगितलंत, दादा?"

"माझं कामच आहे ते आता. उद्या भर सामन्यात मांडी फाटली असती तर? तुझ्या भल्यासाठीच केलं."

"मी तुमचा घोटा वर्षभर पोटात ठेवला. सरांनी मला तोंडावर विचारलं होतं. माझी जागा गेली तरी चालेल म्हणून मी गप्प राहिलो."

ही गोष्ट कप्तानाला पहिल्यांदाच कळत होती. मग तो उठला, ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाला, "मी सांगितलं होतं का ठेवायला?"

दार लागलं. शिंगरू काकांकडे वळला. काका टॉवेलची घडी घालत होते. घातलेली घडी मोडून पुन्हा घालत होते.

"काका, तुम्ही तरी बोला ना सरांशी. तुम्हाला माहितीये, दहा दिवसांत बरा होणारा पाय आहे हा."

"मी कसं बोलणार, पोरा?" काका म्हणाले. "इथलं बाहेर बोलायचं नाही, हा आपला नियम."

माझ्या कडेला लाकडी दांडी आहे. ती त्यानं इतकी घट्ट धरली की खिळा करकरला. मग सोडली आणि गेला. वीस वर्षांचा होता. तो आकांत करेल, काहीतरी फोडेल, निदान मला लाथ तरी घालेल, असं मला वाटलं होतं. मी ती आनंदानं खाल्ली असती.

त्यानंतर तीन वर्षं गेली. सर दुसरीकडे गेले, त्यांच्या खुर्चीवर कप्तान बसला. माझं रेक्झिन फाटलंय, आतला फोम बाहेर डोकावतो, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे. काकांची बोटं आता कापतात. आमच्या दोघांच्या निवृत्तीचं एकाच दिवशी ठरलंय, पुढच्या महिन्यात. नवं टेबल येतंय, बटण दाबलं की वरखाली होणारं.

जायच्या आधी एकच सांगायचं राहिलंय. गेल्या शनिवारी खालच्या गटातला एक क्लब चषकाच्या सामन्यासाठी आमच्याकडे आला. त्यांच्याकडे स्वतःचा मालिशवाला नाही. सामन्याआधीच्या सरावात त्यांचा एक खेळाडू पाय धरून खाली बसला, तर त्याला आमच्या खोलीत आणलं. लांब पाय, गाल आत गेलेले, दाढी वाढलेली. काकांनी लगेच ओळखलं. मी वजनावरून ओळखलं.

"हो पालथा," काका म्हणाले. "कुठं दुखतंय?"

"कुठंच नाही. नुसती पट्टी बांधा."

"अरे, मांडी मागून धरलीयस तू. मी बघितलं ना येताना! पालथा हो."

"असाच बांधा, काका."

दारात कप्तान येऊन उभा राहिला. आवाजात तीच जुनी माया. "काय रे शिंगरू! पाय कसा आहे?"

"एकदम मस्त, सर."

या वेळी तो 'दादा' म्हणाला नाही. कप्तान दारातूनच परत गेला. काकांनी खालून हात घालून, अंदाजानं पट्टी बांधली. दुखणं मांडीच्या मागच्या बाजूला, आणि तो शेवटपर्यंत उताणाच पडून राहिला, दाराकडे बघत. त्याच्या मांडीचा स्नायू फाटत आलेला होता. काकांना तो दिसत नव्हता, पण मला लागत होता. मी ओरडून सांगायला हवं होतं, की बाळा, खेळू नकोस आज. पण मी टेबल. आणि मला आवाज असता, तरी त्यानं माझं ऐकलं असतं का?

तो उठला, काकांना वाकून नमस्कार केला आणि मैदानावर गेला. अठराव्या मिनिटाला वरचा सगळा गलका एकदम थांबला. छताची माती पडली नाही. काकांनी बर्फाची पेटी उघडली आणि दाराकडे कान लावून उभे राहिले. त्याला या खोलीत आणलंच नाही कुणी. त्यानंच नको म्हटलं, असं नंतर कळलं.

तेव्हा माझ्या नव्या भावाला एवढा निरोप द्या. मऊ हो, वरखाली हो, हवं तसं हो. पण तुझ्यावर कुणी पोरगं पालथं झालं आणि मनातलं बोलायला लागलं, तर कसंही करून, एक पाय मोडून का होईना, त्याला खाली पाड.