मसाजीची साक्ष

“म्हण, मी खोटं बोलले,” मसाजी म्हणाला.

साखरा गावातल्या त्या पत्र्याच्या खोलीत रविवारच्या प्रार्थनेला जमलेली मंडळी माना खाली घालून बसली होती. सगळ्यांसमोर गुडघे टेकून बसलेली बनाबाई ही मसाजीची लग्नाची बायको.

खरी भानगड अशी, की बनाबाई खरं तेच बोलली होती. मसाजीनं प्रभू येशूला धरलं तेव्हा त्याची दारू सुटली, घरातली मारहाण थांबली. त्यासाठी बनाबाई देवाचे उपकार मानताना थकत नसे. पण मसाजीला मग विश्वासाचंच व्यसन लागलं. मेंढरांना लशीची सुई टोचली म्हणजे देवावरचा भरवसा सुटला, असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं. गेल्या साली तो नांदेडकडे मोठ्या प्रार्थनेला गेला, तेव्हा बनाबाईनं कळप सेनगावला जनावरांच्या दवाखान्यात हाकत नेला, प्रभूचं नाव घेत एकेक मेंढरू धरलं आणि सगळी टोचून आणली. पावसानंतर कोवळं गवत खाऊन होणाऱ्या रोगानं शेजारच्या शिवहारची मेंढरं पटापट मेली. मसाजीचं एकही गेलं नाही.

मग काय विचारता! मसाजीनं मंडळीत उभं राहून साक्ष दिली, की औषधाविना देवानं माझा कळप राखला. हिंगोली म्हणू नका, शिरड शहापूर म्हणू नका, जिथे प्रार्थना तिथे मसाजी. मेंढरं राखणाऱ्या माणसाला जन्मात पहिल्यांदा कोणी बसायला खुर्ची देत होतं. त्याचं ते सुख मोडवेना, म्हणून बनाबाई गप्प राहिली.

यंदा पावसाच्या तोंडावर मात्र तो कळपाजवळून हलेना. लस दर साली लागते, गवत फुटायच्या आत टोचायला तर हवं, म्हणून तिनं शेवटी त्याला सगळं सांगून टाकलं. देवानं हात दिले, डॉक्टर दिला, ते काहून दिले, असंही विचारलं. मसाजीनं ती गोष्ट थेट मंडळीत नेली.

प्रार्थना चालवणारे सोनाजी भाऊ तसे भले गृहस्थ. टोचण्यात काही पाप नाही, असं ते हळूच म्हणालेही.

“मंग माझी साक्ष खोटी का, भाऊ?” मसाजीनं विचारलं.

ती साक्ष सोनाजी भाऊंनीच गावोगाव नेली होती.

एवढं म्हटल्यानं तरी नवऱ्याचं मन निवेल आणि तो मेंढरं टोचू देईल, असं बनाबाईला वाटलं. “मी खोटं बोलले,” ती म्हणाली. इतकी लाज तिला मार खातानाही वाटली नव्हती.

मसाजीचं मन निवलं. मेंढरं त्यानं टोचू दिली नाहीत.

गवत फुटलं. रात्री धडधाकट असलेली मेंढरं सकाळी पाय ताणून पडलेली दिसू लागली. मसाजी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचा आणि ते त्याच्या हाताखालीच मान टाकायचं. थोड्याच दिवसांत सगळा कळप आडवा झाला.

निदान घोंगड्यांपुरती लोकर हाती लागावी म्हणून बनाबाई मेलेली मेंढरं कातरत बसली. मसाजी जवळ येऊन उकिडवा बसला. त्याचा आवाज पार खाली गेला होता.

“खरं सांग. गेल्या साली टोचली व्हती का?”

एका ‘व्हय’नं काम झालं असतं. त्यानं कपाळ बडवलं असतं, दोष स्वतःच्या माथी घेतला असता आणि त्याचा देव त्याच्याजवळ राहिला असता. बनाबाईला हे पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याची तिला कीवही आली. पण तिला ती पत्र्याची खोली आठवली.

“न्हाई,” ती म्हणाली. “मंडळीत सांगितलं तेच खरं. गेल्या साली देवानंच राखली.”

“मंग औंदा काहून न्हाई राखली?”

“ते त्यालाच इचारा.”

मसाजीनं हात जोडायला उचलले आणि तसेच मांडीवर टाकले. बनाबाईनं पुढचं मेंढरू पाय धरून जवळ ओढलं.