सुका ताडावरून पडला हे मी लपवलं

सुका माझा धाकटा भाऊ. त्याच्याबद्दल आधी हे सांगायला हवं की तो फार लाजाळू होता. स्वतःच्या लग्नात पानातला भात संपला तरी त्याने पुन्हा मागितला नाही, तसाच अर्धपोटी उठला. त्याची बायको बुधी ही गोष्ट साऱ्या पाड्याला हसून सांगायची. "माजा नवरा मिठालापन तोंड उघडत नाय," म्हणायची. तिला त्याचं कौतुक होतं.

तारापूरला वीजघराची खोदाई सुरू झाली त्या सुमाराची ही गोष्ट. आमचा पाडा बोईसरच्या पूर्वेला, डोंगराकडे. पाऊस संपला की आम्ही दोघे भाऊ तारापूरला दगड वाहायला जायचो आणि फागुनात घरी राहून ताडी काढायचो. तेव्हा ताडी काढायला बंदी होती. ओहोळापलीकडे आमचा एक ताड होता, त्याच्यावर आळीपाळीने चढायचं.

त्या दिवशी पाळी माझी होती. चढायचा दोर एका जागी विरला होता. मी तो आदल्या दिवशीच पाहिला होता. नवा वळायचा मला कंटाळा आला.

"सुक्या, माजी कंबर दुकते. आज तू चढ," मी म्हटलं.

कंबर दुखत नव्हती. सुकाने मडकं कमरेला बांधलं आणि चढला. अर्ध्यावर गेला आणि दोर तुटला. तो खाली बांधावर आला तो कपाळावरच. नाकातून रक्त आलं. हाक मारली तर ओ देईना. मी ओहोळाचं पाणी आणून तोंडावर मारत राहिलो. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "मडका कुठं हाय?" आपण चढलो, पडलो, त्याला काही आठवत नव्हतं.

तेव्हा माझ्या मनात आलं, बरं झालं. हे मी आज लिहितो आहे, पण तेव्हा खरंच असंच मनात आलं. त्याचं तोंड धुतलं, तुटका दोर ओहोळात टाकला आणि घरी सांगितलं, "उन्हानं घोळणा फुटला त्याचा." दोन दिवस तो झोपून होता. बुधी त्याच्या डोक्यावर कांदा चोळत बसली.

तिसऱ्या दिवशी उठला तो वेगळाच. चालणं, बोलणं, काम, सगळं जागेवर. फक्त लाज गेली होती. मयताला गेलो तर तिथे हसला. बायांसमोर धोतर सोडून मुतायला बसायचा. पोरांच्या पानातली मासळी उचलून खायचा. बुधीने आंबून गेलेली पेज बाहेर ओतायला ठेवली होती, ती त्याने पिऊन टाकली. आम्हाला वाटलं, माणूस निलाजरा झाला. बुधी रागावली की म्हणायचा, "चुकला गो, परत नाय करनार," आणि संध्याकाळी तेच.

मग एक दिवस भिकाच्या घरात शिरून त्याची ताडी प्यायला. भिका म्हणजे पाड्यातला जाणता, चार माणसं त्याच्या शब्दावर चालायची. आमच्यात दुसऱ्याच्या मडक्याला हात लावणं म्हणजे त्याच्या चुलीत थुंकणं. भिकाच्या अंगणात सगळे जमले. मी भिकाच्या बाजूला बसलो. भिका त्याला चोर म्हणाला. मी उठलो आणि सगळ्यांसमोर सुकाच्या थोबाडीत दिली. त्याने गाल चोळला आणि म्हणाला, "दादा, जोरात लागला रे." दुसऱ्या दिवशी बुधी मनोरकडे बापाच्या घरी निघून गेली.

फागुन सरल्यावर आम्ही तारापूरला कामावर गेलो, तिथेही तेच झालं. मुकादम रामकिसन जेवायला बसला होता, सुकाने त्याच्या डब्यातली रोटी उचलली. रामकिसनने मारलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "देवू, ये आदमी चोर नहीं है. चोर छुपके खाता है. इसको डॉक्टर को दिखा." परक्या मुलखातल्या माणसाला जे दिसलं ते मी भाऊ असून पाहायचं टाळत होतो.

पालघरला दिनानाथ डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी माझ्याकडून मडक्याची गोष्ट ऐकली आणि सुकाला समोर बसवून विचारलं, "दुसऱ्याचं मडकं दिसलं तर काय करायचं?"

"हात लावाचा नाय. चोरी हाय ती."

"मग तू का लावलास?"

"मडका दिसला ना!" सुका हसला.

डॉक्टरांनी त्याचे डोळे झाकून त्याच्या नाकापुढे कापूर धरला. सुका म्हणाला, काय नाय. कंपाउंडरला बाजारात पाठवून सुके बोंबील मागवले. वासाने बाकावरच्या एका बाईने तोंडाला पदर लावला. सुका शांत बसलेला. "काय हाय? काय पन नाय," म्हणाला. आंबलेली पेज का प्यायला ते मला तेव्हा कळलं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "हा कधी पडला?"

पडला का, असं त्यांनी विचारलं नाही. कधी, असं विचारलं.

"पडला नाय," मी म्हटलं.

"तू सांग नाहीतर नको सांगू. कपाळाच्या मागे मेंदूचा जो भाग असतो ना, तो माणसाला थांबवतो. भूक लागली तरी थांब. हसू आलं तरी थांब. वासाच्या नसा त्याच्याच खाली असतात. डोकं आपटलं की दोन्ही एकदम जातात. ह्याला चांगलं-वाईट सगळं कळतंय. थांबता येत नाही. ह्याची नियत बिघडलेली नाही, हा भाग बिघडलाय."

"औषद?"

"नाही. थोडा फरक पडेल, पडणारही नाही. मारू मात्र नका ह्याला."

भगताने दाणे पाहून बाहेरची बाधा सांगितली असती, तर मला बरं वाटलं असतं. भुताच्या बाधेत कोणी कोणाला ताडावर चढवलेलं नसतं. डॉक्टरांनी बोट ठेवलं ते सुकाच्या कपाळावर, आणि माझ्या डोळ्यांपुढे तो दोर आला. परत येताना सुकाने विचारलं, "काय बोलला डाक्टर?" मी म्हटलं, "काय नाय."

आठ दिवसांनी बुधीचा बाप काडीमोड मागायला आला. पंच भिकाच्या अंगणात बसले. काडी मोडायच्या आधी बुधी पुढे आली आणि सगळ्यांदेखत मला म्हणाली, "दादा, तुमी मोठे. हा मानूस असा नव्हता. याला काय झाला का? काय झाला असल तर सांगा, मी नाय जानार."

एवढं सोपं करून तिने विचारलं होतं. मला भिकाचं तोंड दिसत होतं, दारूबंदीचा शिपाई दिसत होता, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त माझी कंबर दिसत होती, न दुखणारी.

"काय नाय झाला," मी म्हटलं.

काडी मोडली. तो आवाज ऐकून सुका हसला. बुधी बापाच्या मागून गेली.

मग चार दिवस सुका उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता, बुधी कंदी येल. पाचव्या दिवशी मी मनोरला चालत गेलो. बाजाराचा दिवस होता. ती लाकडांची मोळी घेऊन रस्त्याला भेटली. तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने मोळी खाली टाकली.

"दोर खराब हाय ते म्हाईत व्हता तुमाला?"

"व्हता."

"मग मला कशाला सांगता? जिथं नाय बोललात तिथं बोला."

ती मोळी उचलायला वाकली. मी हात लावायला पुढे झालो, तर तिने मला सोडून पलीकडच्या म्हातारीला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी मी भिकाच्या अंगणात माणसं जमवली आणि बोललो. दोराचं सांगितलं, कंबरेचंही सांगितलं. भिका म्हणाला, "मी त्याला चोर बोललो, तवा तू माज्या बाजूला बसला व्हतास देवू. माजी बिडी वडत." मागून कोणीतरी म्हणालं, "मोठा भाव!" आणि थुंकलं. शिपाई आला नाही, कोणी कळवलंही नाही. त्या भीतीचं निमित्तही मग मला उरलं नाही.

तेवढ्यात सुका गर्दीतून पुढे आला. तोंडभर हसत होता. "मी पडलो? ताडावरून? खरा?"

पावसात भाताची लावणी झाल्यावर बुधी आपण होऊन परत आली. पंचांनी पुन्हा काही विचारलं नाही. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि पुढेही कधी बोलली नाही. सुका होता तसाच राहिला. ती त्याचं पान वेगळं वाढायची, त्याच्यावर ओरडायची आणि त्याला कोणी हसलं तर हसणाऱ्यावर त्याहून जास्त ओरडायची.

सुकाला मात्र ती पडल्याची गोष्ट फार आवडली. घरी पाहुणा आला की मला हाक मारायचा. "दादा, यांना सांग ना, मी कसा पडलो!" मग मी सांगायचो. तो मध्येच विचारायचा, "मला वर कोनी पाठवला?" पाहुणा माझ्याकडे बघायचा. आत बुधीचं भात कांडणं थांबायचं.

"मी," मी म्हणायचो.

सुका टाळी वाजवून हसायचा आणि आत मुसळ पुन्हा सुरू व्हायचं.